हसवणारं पुस्तकही वाचू द्या : 'द प्रिन्सेस डायरीज'



मुलगी आठवी-नववीत गेली की आपण तिच्या हातात चरित्रं, बोधकथा, नाहीतर सामान्यज्ञानाची पुस्तकं देतो. नुसतं हसवणारं पुस्तक आपल्याला टाइमपास वाटतं. अमेरिकन लेखिका मेग कॅबट यांची २००० साली आलेली 'द प्रिन्सेस डायरीज' ही इंग्रजी कादंबरी वाचा आणि मग ठरवा.

नायिका मिया १४ वर्षांची. न्यूयॉर्कमध्ये चित्रकार आईबरोबर राहते. उंची ताडमाड, बीजगणितात नापास व्हायची वेळ आलेली. त्यात आईची मैत्री जुळते ती नेमकी बीजगणिताच्या सरांशीच! एवढ्यात वडील सांगतात, "मी जेनोव्हियाचा प्रिन्स आहे आणि तू माझी वारस." जेनोव्हिया हा छोटासा काल्पनिक देश. राजकन्या झाल्याचा आनंद तर दूरच, मिया पार हादरते. मग कडक आजी तिला राजकन्येचे धडे द्यायला येते.

गंमत अशी की मियाची फजिती आपल्याला कळते ती तिच्याच डायरीतून. ती स्वतःवर हसते, याद्या करते, मध्येच गणितंही सोडवते. उंची, मार्क, मैत्रिणीशी भांडण, आवडणारा मुलगा... या वयात मुली हे कोणाशी बोलत नाहीत. 'असं वाटणारी मी एकटीच नाही', हा धीर त्यांना इथे हसता हसता मिळतो. उपदेशाने तो मिळत नाही.

२००१ च्या चित्रपटावर भागवू नका. त्यात वडील वारलेले आहेत. पुस्तकात ते जिवंत आहेत आणि बाप-लेकीची जुगलबंदी मस्त रंगते.

एवढं करून पाहा :

१. आधी स्वतः वाचा. वयात येणं, प्रेम, चुंबन असे उल्लेख आहेत. त्यावर मोकळेपणाने बोलायची तयारी ठेवा.

२. "काय बोध घेतलास?" असं विचारू नका. "कुठे हसलीस?" एवढंच विचारा.

३. 'मला भीती वाटणाऱ्या पाच गोष्टी' अशी यादी लिहायला सांगा. मुलग्यांनाही सांगा. ती तपासू नका, दाखव म्हणू नका. वही त्यांचीच राहू द्या.

ज्या मुलीला पुस्तकात आपल्यासारखं कोणीतरी भेटतं, ती पुढचं पुस्तक स्वतःहून मागते. वाचनाची गोडी अशीच लागते.