रयतेच्या शाळेचे ध्येय

शाळा समाजाची असते, असे आपण सहज म्हणतो. परंतु तसे म्हटल्यावर तीन प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. ती कोणाच्या धान्यावर चालते? तेथे कोण कोणाच्या शेजारी बसते? आणि तेथे शिकलेला मुलगा पुढे कसा व्हावा, अशी तिची अपेक्षा असते? या प्रश्नांच्या कसोटीवर रयत शिक्षण संस्थेचा आरंभकाळ पाहणे उद्बोधक ठरेल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ही संस्था 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी स्थापन केली. 1924 साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले आणि 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. संस्थेजवळ पैसा नव्हता. शेतकऱ्यांनी दिलेले धान्य हाच तिचा मोठा आधार होता. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

दुसरे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. भाऊराव स्वतः कोल्हापूरला शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले, म्हणून त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले होते. पुढे त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. समतेचा धडा पुस्तकात येण्यापूर्वी पंगतीत गिरवला गेला.

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. 1940 साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल ही मोफत निवासी माध्यमिक शाळा निघाली. 'कमवा आणि शिका' हे तिचे तत्त्व होते. मुलांनी शेतात राबावे आणि त्या श्रमावर शिकावे, यामागे दोन हेतू दिसतात. शिक्षण कोणाची भीक म्हणून घ्यावे लागू नये, हा एक. आणि शिकलेल्या हाताला कुदळीची लाज वाटू नये, हा दुसरा.

परंतु येथेच एक पेच आहे. बाप मुलाला शाळेत घालतो तो बहुधा त्याची कुदळ सुटावी म्हणूनच. त्याची ही इच्छा चुकीची कशी म्हणता येईल? मुलगा वकील व्हावा, प्राध्यापक व्हावा, ही आकांक्षा शाळेचीही होतीच. मात्र कुदळ सुटली तरी कुदळ धरणाऱ्याशी असलेले नाते सुटू नये, एवढी अट तिने घातली होती.

आज शाळेच्या दारावर दहावीच्या टक्केवारीचे फलक लागतात. त्यात गैर काही नाही. पण ही अट फलकावर मावत नाही. आपल्यापैकी काहींचा डबा अजूनही गावाहून एस. टी.ने येतो. तो घेण्यासाठी स्थानकावर जाताना वर्गमित्र दिसला की पावले रेंगाळतात, हा अनुभव प्रस्तुत लेखकासही आहे. त्या डब्यातील भाकरीसाठी कोणीतरी पहाटे उठलेले असते, हे तेव्हा आठवत नाही.

माध्यमिक शाळेने आपल्याला काय दिले, याचा हिशोब गुणपत्रिकेत मिळेल. आपण तिचे काय राखले, याचा हिशोब मात्र ज्याचा त्यानेच मांडावयाचा आहे.