एन्झाइमची पुडी घेण्याआधी

आडुगोडी, बेंगळुरू

चि. निखिल,

तुझ्या कोंबड्यांच्या खाद्यासाठी विक्रेत्याने दिलेलं माहितीपत्रक वाचलं. फायटेज, झायलनेज, प्रोटिएज सगळं एकाच पुडीत आहे म्हणून भुलू नकोस. एन्झाइम ज्यावर काम करतं ते खाद्यात नसेल, तर पैसे वाया जातात.

फायटेज मात्र बिनधास्त घे. मका, सोयापेंड, भाताचा कोंडा यांतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि कोंबडीला तो पुरेसा सोडवता येत नाही. मग आपण वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालतो आणि अडकलेला फॉस्फरस खतातून रानात, ओढ्यात जातो. नेदरलँड्समध्ये 1991 साली फायटेज बाजारात आलं ते याच काळजीपोटी. आपल्याकडे तर फॉस्फेटचा दगडही मुख्यतः परदेशातून येतो, म्हणून फायटेजने अडकलेला फॉस्फरस सुटून होणारी डीसीपीची बचत मला फार मोलाची वाटते.

पण फायटेज घालून डीसीपी तेवढंच ठेवलंस, तर नुसता खर्च वाढेल. ग्रॅमला 5000 युनिटचं फायटेज टनाला 100 ग्रॅम घातलं की किलोमागे 500 युनिट पडतात. तेवढ्यावर किती डीसीपी कमी करायचं ते कंपनीकडून लेखी घे. चुनखडीची पूडही मोजून घाल. कॅल्शियम जास्त झालं की फायटेज मंदावतं. फायटेजची एवढीशी पूड थेट मिक्सरमध्ये टाकू नकोस, आधी थोड्या मक्याच्या भरड्यात नीट मिसळून घे. पुढे खाद्याचे पेलेट करायला लागलास, तर उष्णतेत टिकणारंच फायटेज मागून घे.

झायलनेजचा खरा उपयोग गव्हात. गव्हाने आतड्यातलं खाद्य चिकट होतं, शेडमधलं लिटर (तळाची गादी) ओलं राहतं. इथेनॉलवाल्यांमुळे मका महागला की तू तुकडा गहू घालतोस, तेव्हा ते घे. एरवी मका-सोयावर त्याचा फरक कमीच दिसतो.

प्रथिनं पचवणाऱ्या प्रोटिएजच्या भरवशावर कच्चं सोयाबीन भरडून घालायचा मोह तुमच्या लातुरात सगळ्यांना होतो. अजिबात घालू नकोस. त्यातला पचन अडवणारा घटक मुख्यतः नीट उष्णता दिल्यानेच जातो. पेंडीला तेवढी उष्णता मिळाली आहे का हे कळायला तिचीही युरिएज चाचणी करून घे.

येत्या बॅचला अर्ध्या शेडमध्ये जुनं खाद्य ठेव, अर्ध्यात नवं. वजन आणि एफसीआर (किलो वजनवाढीमागे लागलेलं खाद्य) लिहीत जा, पक्ष्यांचे पाय रोज बघ. नव्या खाद्याच्या बाजूला लंगडे पक्षी वाढले, तर डीसीपी जास्त काढलं गेलं असं समज आणि लगेच फोन कर.

तुझा काका