उजेड अडवायला शीक

पोरी, आपल्या म्हसवडात पाऊस मोजूनमापून पडतो, पण उन्हाचा दुष्काळ कधी पडत नाही. इथं फोटोसाठी उजेड शोधावा लागत नाही, अडवावा लागतो. घोंगडी, डाळिंबं, तांब्याची भांडी मोबाइलवर दाखवून विकायची म्हणतेस, तर एवढं कानात ठेव.

उजेड एकाच बाजूचा घे. दार, खिडकी, धाब्याचं साणं सगळंच उघडं ठेवलंस तर सावल्या एकमेकींना खातात आणि वस्तू चपटी दिसते. एक खिडकी ठेव, बाकी सगळं लाव. घरातले दिवे आधी बंद कर. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही मिसळले की मोबाइलला खरा रंग कळत नाही. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेतलं स्थिरचित्र आठव. तांब्यावरची चकाकी, अंगावरची छाया आणि खाली पडलेली पडछाया, ही तिन्ही फोटोत दिसली पाहिजेत.

खिडकीची दिशा ओळख. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही असं पुस्तकं सांगतात, पण आपल्याकडं ते बारा महिने खरं नाही. आपण साडेसतरा अंशांच्या आसपास राहतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. हिवाळ्यात मात्र उत्तरेची खिडकी दिवसभर सारखा, थंड उजेड देते. मार्गशीर्षात, सिद्धनाथाच्या रथाच्या दिवसांत, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार घरात येतं. तेव्हा त्या खिडकीवर जुनं पांढरं धोतर एकेरी ताणून बांध. ऊन धोतरावर पसरतं आणि तेवढा सगळा कपडाच उजेड द्यायला लागतो. उजेड जेवढा रुंद, तेवढी सावलीची कड मऊ.

वस्तू किती लांब ठेवायची ते हलवून बघ. खिडकीला चिकटून ठेवलीस तर कड मऊ येते, पण एक बाजू लख्ख आणि दुसरी काळीकुट्ट होते. जरा मागं घेतलीस की दोन्ही बाजूंतला फरक कमी होतो. अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केलास तर सावलीतलं काम दिसायला लागतं. सावली गडद हवी असेल तर तिथंच काळं कापड धर. भिंत पोपटी असेल तर तिच्याजवळ काही मांडू नकोस, तो रंग वस्तूवर उतरतो.

प्रत्येक वस्तूचा स्वभाव वेगळा. घोंगडीवर उजेड अगदी आडवा, कडेनं घासून जाऊ दे. तेव्हाच लोकरीचा पीळ आणि वीण उठून दिसते. समोरून उजेड टाकलास तर ती नुसतं काळं फडकं वाटेल. फोडलेल्या डाळिंबाला उजेड मागच्या बाजूनं दे, दाणे आतून पेटतात. भाकरीची वाफ दाखवायची असेल तरी उजेड मागूनच हवा आणि पाठीमागं काळोख. तांब्या-पितळेची भांडी आरशासारखी असतात, त्यांत तू आणि तुझा मोबाइल दोघंही दिसता. भांड्यासमोर पांढरी चादर धर आणि स्वतः बाजूला हो.

मोबाइलवर सगळं सोडू नकोस. त्याला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं करायची सवय असते. म्हणून काळी घोंगडी राखाडी दिसते आणि ज्वारीची पांढरी भाकरी मळकी. पडद्यावर वस्तूवर बोट ठेव आणि उजेडाची खूण सरकव: काळ्यासाठी खाली, पांढऱ्यासाठी वर. वेडंवाकडं वाटलं तरी हेच बरोबर.

फ्लॅश विसर. फ्रान्सच्या डागेरनं 1837 साली स्टुडिओत मांडलेल्या प्लास्टरच्या मूर्तींचा फोटो घेतला. त्या काळी कॅमेऱ्याचं भिंग उजेडासाठी बराच वेळ उघडं ठेवावं लागे आणि मूर्ती काही हलत नसत. तुझा तांब्याही हलत नाही. उजेड कमी वाटला तर मोबाइल पिठाच्या डब्याला टेकव, तीन सेकंदांचा टायमर लाव आणि हात काढून घे. बोटांनी चित्र मोठं करू नकोस, पाय उचलून पुढं जा.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. रंग चढवू नकोस. वीण सुटलेली असेल किंवा डाळिंबावर डाग असेल तर त्या बाजूचाही एक फोटो दे. म्हसवडात 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली, तेव्हा पत कशाला म्हणतात हे तुला मी सांगायला नको. फोटोत एक आणि पार्सलात दुसरं निघालं तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. आहे तसं दाखव, फक्त चांगल्या उजेडात दाखव.