'हात लावू नका' म्हणणाऱ्यांना

"छातीवर दाब देताना बरगडी मोडली तर केस आपल्यावर होते का हो?" सीपीआरच्या शिबिरात हे कुणी ना कुणी विचारतंच. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण या प्रश्नातून मी स्वतः गेले आहे, म्हणून लिहिते.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बॅडमिंटन चालू असताना पलीकडच्या बाजूचे काका रॅकेटसकट खाली बसले आणि आडवे झाले. हाका मारल्या, खांदे हलवले, प्रतिसाद नाही. तोंडातून मात्र अधूनमधून घोरल्यासारखा आवाज येत होता. "श्वास चालू आहे, हात लावू नका, पोलिसांचं लफडं होईल," मागून दोघं-तिघं म्हणाले. तो श्वास नसतो. हृदय थांबल्यावर माणूस असे तुटक आचके देतो, आणि त्या आवाजाला फसून लोक मोलाची मिनिटं घालवतात. छातीवर दाब मिळाला नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. एकाला 108 लावायला सांगून मी दाब द्यायला लागले. काही वेळाने तळहाताखाली कट्कन वाजलं. मी थांबले नाही, थांबायचं नसतंच.

काका वाचले नाहीत. रुग्णालयात पोचण्याआधीच मृत्यू झाल्यामुळे अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, पीएम हे ओघानं आलं. अहवालात मोडलेल्या बरगड्यांचा उल्लेख होता. दुःखानं सैरभैर झालेल्या एका नातेवाइकांनी विचारलं, "यांना काय अधिकार होता?" मला जबाबासाठी बोलावणं आलं, आणि "तेव्हाच सांगितलं होतं" असं ऐकवणारेही भेटले.

माझी मावसबहीण वकील आहे. तिनं 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 92 काढून माझ्यापुढे ठेवलं. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या आणि जिच्या वतीनं संमती द्यायला वेळेत कुणी हजर नाही अशा व्यक्तीसाठी, तिच्या भल्याकरता, सद्भावनेनं केलेल्या कृतीतून इजा झाली तरी तो गुन्हा नाही. कलमाखालचं उदाहरण मी अजून विसरलेले नाही. वाघ एका माणसाला ओढून नेतोय. दुसरा त्याला वाचवायला वाघावर गोळी झाडतो आणि ती त्या माणसालाच लागते. गोळी झाडणारा गुन्हेगार ठरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम 30 म्हणून आली आहे. फक्त कायद्यातल्या 'सद्भावने'त नुसता चांगला हेतू पुरत नाही, योग्य ती काळजी आणि लक्षही लागतं. म्हणून सीपीआर शिकून घ्या. पीएममध्ये मृत्यूचं कारण हृदयविकार निघालं, प्रौढांना सीपीआर देताना बरगड्या मोडणं नेहमीचं असल्याचं डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं आणि विषय तिथेच संपला.

इथे एक गफलत फार होते. "आता कायदा आहे, मदत करणाऱ्याला काही होत नाही," असं सर्रास सांगितलं जातं. ते मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ. 2019 च्या दुरुस्तीनं आलं. सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 ला मदतकर्त्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, त्याची ही पुढची पायरी. ते भक्कम आहे: मदत करताना हयगय झाली तरी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. पण ते मोटार अपघातातल्या जखमींपुरतं आहे. हॉलमध्ये किंवा लोकलच्या फलाटावर हृदय बंद पडलेल्या माणसाला ते लागू नाही. कर्नाटकानं 2016 मध्ये मदतकर्त्यांसाठी स्वतःचा कायदा केला. हर तऱ्हेच्या तातडीच्या मदतीला कवेत घेणारा कायदा देशभर व्हायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं.

नशेच्या अतिमात्रेत तर भीती दुहेरी. मित्र निळा पडत चाललाय आणि बरोबरची मुलं पळ काढतात, कारण अमली पदार्थांचं सेवन हाच गुन्हा आहे. एनडीपीएस कायद्याचं कलम 64अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून सूट देतं. फोन करणाऱ्या मित्राबद्दल ते काही बोलत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोनं 2007 मध्ये अशा मित्राला संरक्षण दिलं, पुढे बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. आपल्याकडच्या मुलांना मी तरीही सांगेन, फोन करा आणि काय घेतलं होतं ते डॉक्टरांना खरं सांगा. अफूजन्य पदार्थांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण तो वेळेत टोचला गेला तरच.

मदतीला पुढे झालात तर एकटे राहू नका. नाव घेऊन किंवा बोट दाखवून एकाला 108 लावायला सांगा, फोन स्पीकरवर ठेवा. "यांचा श्वास नाही, मी छातीवर दाब देतेय," असं मोठ्यानं बोला. ऐकणारे तुमचे साक्षीदार. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबा. दमलात की दुसऱ्याला बसवा. येतं तेवढंच करा. तोंडात पाणी, गोळ्या घालू नका. खिसे तपासायचे तर दोघांसमोर. रुग्णवाहिका आली की कधी कोसळले आणि दाब कधी सुरू केला एवढं सांगून बाजूला व्हा. आणि त्याच संध्याकाळी वेळा, हजर असलेल्यांची नावं, काय काय केलं ते वहीत लिहून तारीख घाला. जबाबाला बोलावणं उशिरा येतं, तोवर तपशील पुसट होतात.