बंद पडलेला संगणक आणि व्यतिरेक-पद्धती

कला शाखेच्या वार्षिकांकात संगणकाच्या दुरुस्तीवर लेख यावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु दुरुस्तीत हाताचे काम थोडे आणि विचाराचे काम फार असते. तर्कशास्त्राच्या तासाला आपण जे शिकतो, ते एका मुक्या यंत्रापुढे कसे उपयोगी पडते हे दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरण आमच्या मराठी विभागातीलच घेतो. विभागात एक वापरलेले वर्कस्टेशन आहे. वर्कस्टेशन म्हणजे तासन् तास जड काम करता यावे म्हणून बांधलेला दणकट संगणक. मोठी कार्यालये काही वर्षांनी असे संगणक बदलतात आणि मग ते जुन्या बाजारात कमी किमतीत मिळतात. विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून मिळवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे या संगणकात होती. त्या गाणाऱ्या आजींपैकी दोघी आता हयात नाहीत. एके दिवशी बटण दाबले तर पंखा क्षणभर फिरला आणि थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. दुरुस्तीवाल्याने उभ्या उभ्या पाहून निदान केले, “मदरबोर्ड गेला. भंगारात द्या.” विभागप्रमुखांच्या परवानगीने मी आणि दोन मित्रांनी हे निदान तपासून पाहायचे ठरवले.

आधी पोथी, मग कपाट

संगणक चालू होत नाही याचा अर्थ त्यातील माहिती नष्ट झाली, असा नाही. माहिती हार्ड डिस्कवर असते आणि डिस्क हा सुटा भाग आहे. कपाटाचे कुलूप बिघडले म्हणून आतील पोथी जळत नाही. म्हणून प्रथम प्लग काढून डिस्क बाहेर काढली, जोडणीच्या तारेने दुसऱ्या संगणकाला लावली आणि सर्व ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती दोन ठिकाणी केल्या. ओव्या सुखरूप होत्या. मगच दुरुस्तीला हात घातला.

‘बंद’ म्हणजे नेमके काय?

‘संगणक बंद आहे’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या स्थिती दडलेल्या असतात. पहिली, बटण दाबल्यावर काहीच होत नाही. दुसरी, पंखा क्षणभर फिरून थांबतो. तिसरी, पंखे चालू राहतात, पण पडद्यावर काही येत नाही. तिन्हींची कारणे वेगळ्या ठिकाणी असतात. म्हणून आधी आपली स्थिती कोणती हे ठरवावे.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जुन्या संगणकांत बटण थेट वीज जोडत किंवा तोडत असे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना आणली, तेव्हापासून बटण केवळ निरोप देते. प्लग लावलेला असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डला ५ व्होल्टचा अल्प पुरवठा सतत देत असतो. बटण दाबले की मदरबोर्ड एसएमपीएसला ‘आता पूर्ण वीज दे’ असे सांगतो.

पहिल्या स्थितीत बाहेरून आत यावे. त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा, एक्स्टेन्शन बोर्ड टाळून थेट भिंतीत प्लग लावावा, पॉवर केबल बदलावी, एसएमपीएसच्या मागे खटका असल्यास तो पाहावा. मग अल्प पुरवठा मल्टिमीटरने मोजावा; तो ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान हवा. तो ठीक असेल, तर बटणच निरोप देते की नाही हे पाहावे. तिसऱ्या स्थितीत रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल यांच्याकडे आधी वळावे.

आमची स्थिती दुसरी होती. पंखा क्षणभर का होईना फिरला, यावरूनच बटणाचा निरोप पोहोचतो आणि एसएमपीएस तो ऐकतो, असे अनुमान निघाले. कोठे प्रमाणाबाहेर वीज ओढली गेली, तर एसएमपीएस स्वतःहून पुरवठा तोडतो. तेव्हा प्रश्न असा उरला, की ती ओढतो कोण?

एका वेळी एकच बदल

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत. त्यांतील व्यतिरेक-पद्धतीचा आशय असा: दोन प्रसंगांत बाकी सर्व समान असून एकाच गोष्टीचा फरक असेल आणि एका प्रसंगी परिणाम घडून दुसऱ्या प्रसंगी घडत नसेल, तर त्या गोष्टीचा परिणामाशी कारणसंबंध असतो. आपल्या न्यायशास्त्रातील अन्वय-व्यतिरेकाचा विचारही याच्या जवळचा आहे.

आम्ही ग्राफिक्स कार्ड, डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक सोडून बाकीच्या रॅमच्या पट्ट्या काढल्या. बटण दाबले. पंखे फिरले आणि फिरतच राहिले! पडदा काळाच होता, कारण वर्कस्टेशनच्या बऱ्याच प्रोसेसरांत चित्र दाखवण्याची सोय नसते. परंतु मदरबोर्ड कामातून गेल्याचे निदान येथेच डळमळले.

मग एकेक भाग परत बसवू लागलो. प्रत्येक वेळी प्लग काढायचा, बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जिरू द्यायची, कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा आणि मगच भाग बसवायचा. रॅमच्या पट्ट्या बसवल्या; संगणक चालला. ड्राइव्ह जोडला, चालला. ग्राफिक्स कार्ड बसवले; पंखा क्षणभर फिरून थांबला. कार्ड काढले, चालला. योगायोग नको म्हणून हे तीनदा केले.

तरीही निष्कर्षाची घाई चालत नाही. कार्ड निर्दोष असून जुन्या एसएमपीएसलाच त्याचा भार पेलत नसेल, हीदेखील शक्यता होती. म्हणून कार्ड नसताना १२ व्होल्टची तार मोजली. ती ११.४ ते १२.६ या मर्यादेत होती. मग प्रयोगशाळेतून तेवढीच वीज घेणारे दुसरे कार्ड मागून आणून बसवले. पडद्यावर अक्षरे उमटली आणि संगणक दुपारभर चालला. दोष आमच्या कार्डात होता, असे आता म्हणता येत होते. पुढे एक साधे जुने कार्ड घेऊन बसवले. ओव्यांच्या लेखनाचे काम आज त्याच संगणकावर चालू आहे.

दोन सूचना

पहिली, एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. दुसरी, एसएमपीएसच्या दोन तारा जोडून तो एकटा चालवून पाहण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. पण अनेक वर्कस्टेशनांत तारांची मांडणी कंपनीची स्वतःची असते. तिचा तक्ता हाती असल्याशिवाय ही युक्ती करू नये.

दुरुस्तीवाल्याला दोष देण्याचा माझा उद्देश नाही. त्याच्या दुकानात गर्दी असते आणि एका जुन्या संगणकामागे दुपार घालवणे त्याला परवडत नाही. परंतु ‘गेला’ हा निष्कर्ष आहे, आणि निष्कर्षामागची आधारविधाने विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. जे आपण वर्गात सिद्धांतांना विचारतो, तेच यंत्रालाही विचारता येते: हे कशावरून? आणि एवढीच एक गोष्ट बदलली तर काय होईल?