बटण कोणाचं?

चि. सोनूस,

दूधवाल्यांसाठी केलेलं तुझं अ‍ॅप पाहिलं. ग्राहकाचं नाव, किती लिटर आणि शेजारी 'पोचलं' हे बटण, एवढंच ठेवलंस ते छान केलंस. एका नावापुढचं बटण दाबून यादी सरकवली की खालच्या भलत्याच नावापुढे हिरवी खूण दिसते, असं तू कळवलंस. ही रंगाची चूक समजून तू ती झाकत बसू नकोस. उद्या हाच घोळ हिशेबात उतरला, तर न घेतलेल्या दुधाचे पैसे कुणाच्या तरी माथी बसतील आणि बोल खाईल तो दूधवाला. म्हणून सविस्तर लिहितो.

यादीत पाचशे ग्राहक असले तरी फोन पाचशे ओळी बांधत नाही. पडद्यावर मावतील तेवढ्या आणि वर थोड्या जास्तीच्या, बस. वरून दिसेनाशी झालेली ओळ नव्या ग्राहकाचं नाव घेऊन खालून परत येते. २०१४ साली आलेला अँड्रॉइडचा रिसायकलरव्ह्यू असाच चालतो, त्याआधीचा लिस्टव्ह्यूही, आणि आयफोनवरचा टेबलव्ह्यूही. खानावळीत ताटं मोजकीच असतात, पंगती बदलत राहतात. तू खूण ताटावर काढलीस, म्हणून ती पुढच्याच्या पानात गेली.

खूण ग्राहकाच्या नोंदीत हवी. बटण दाबल्यावर नोंद बदल, मग तेवढी ओळ पुन्हा भरायला सांग. ओळ भरताना पोचलं असेल तर हिरवा रंग दे, आणि पोचलं नसेल तर मूळचा रंगही आवर्जून दे. हा दुसरा अर्धा भागच बहुतेकजण विसरतात.

आता खरी मेख. ओळ भरतानाच तू तिचा क्रमांक बटणाच्या लिसनरमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, अडकवून ठेवला आहेस. मधला एक ग्राहक काढलास की खालचे सगळे एकेक जागा वर सरकतात, पण त्यांच्या ओळी नव्याने भरल्या जात नाहीत. बटण जुनाच क्रमांक धरून बसतं आणि शेजाऱ्याची नोंद बदलतं. म्हणून ओळ पहिल्यांदा तयार होते तिथे, म्हणजे ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये, लिसनर एकदाच लाव, आणि बटण दाबलं त्या क्षणी बाइंडिंगअ‍ॅडॅप्टरपोझिशन, म्हणजे ओळीचा तेव्हाचा क्रमांक, विचार. ओळ नुकतीच काढली जात असेल तर उत्तर उणे एक येतं. तेव्हा काहीही न करता परत फिर, नाहीतर अ‍ॅप कोसळेल. खरा क्रमांक आला, तर त्यावरून ग्राहकाचा आयडी घे आणि पुढे सगळीकडे तो आयडीच पाठव. सर्व्हरकडे क्रमांक कधीही जाऊ देऊ नकोस.

बटणाच्या जागी चेकबॉक्स घालायचा तुझा विचार दिसतो. मग ओळ भरताना आधी जुना लिसनर काढ, खूण लाव, आणि नंतरच नवा लिसनर जोड. एरवी तू कोडमधून लावलेली खूण त्याला माणसाने दाबल्यासारखीच वाटते आणि नको ती नोंद बदलते.

ओळीवर दाबलं की ग्राहकाचा हिशेब उघडतो, ते राहू दे. मात्र बटण ४८ डीपीपेक्षा लहान करू नकोस. पहाटे अंधारात, ओल्या बोटांनी, एका हातात किटली धरून ते दाबायचं आहे. नेट मंद असलं की माणूस पुन्हा दाबतो, म्हणून सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत त्या ग्राहकाचं बटण बंद ठेव, आणि 'पाठवत आहे' ही अवस्थाही नोंदीतच असू दे.

पडदा वाचून दाखवणारा टॉकबॅक सुरू करून एकदा ऐक. प्रत्येक ओळीवर नुसतं 'पोचलं, बटण' ऐकू आलं तर न दिसणाऱ्याने काय समजायचं? बटणाच्या वर्णनात ग्राहकाचं नाव घाल.

एवढं झालं की दोनशे खोटी नावं भर, यादी जोरात वरखाली कर, मधली नावं काढ आणि काढता काढताच बटणं दाब. नोंदी जुळल्या की मला नवी आवृत्ती पाठव, मी माझ्या जुन्या फोनवर चालवून बघतो.

तुझा,
मामा