नक्षीदार लाकडाचे पैसे कशासाठी मोजायचे?

पुण्यात गिटारी बनवायला लागल्यापासून पाहतो आहे, गिऱ्हाईक आधी फोटो दाखवतं आणि सुरांचं नंतर बोलतं. फोटोत मेपलवरचे झळाळते पट्टे असतात. ती नक्षी मलाही भुरळ घालते. पण तिची किंमत जबर असते, म्हणून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१. नक्षी रंगात नसते, तंतूंच्या चालीत असते. खोडातले तंतू सरळ न वाढता नागमोडी गेले, की कापलेल्या फळीवर काही ठिकाणी उजेड परततो आणि काही ठिकाणी मुरतो. म्हणून फळी कलती केली की उजळ पट्टा काळवंडतो आणि काळा उजळतो. दुकानात गिटार अशीच कलती करून बघा. पट्टे जागचे हलले नाहीत तर ती छापील फिल्म आहे. हलले, तरी कडेला नजर टाका. अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनिअरही तसंच चमकतं.

२. नक्षी दिसणं करवतीवरही अवलंबून असतं. फ्लेम म्हणजे आडवे पट्टे. ते खोडाच्या केंद्रातून बाहेर जाणाऱ्या, त्रिज्येच्या कापात उठून दिसतात. क्विल्ट म्हणजे गादीसारखे फुगवटे. ते खोडाच्या सालीला समांतर कापलं तरच खुलतात. बर्ड्‌सआयचे ठिपकेही तशाच कापात दिसतात. पण असं कापलेलं लाकूड हवेतल्या ओलाव्याने रुंदीत जवळपास दुप्पट हलतं. आपल्याकडे एप्रिलचा कोरडेपणा आणि जुलैची ओल यांत क्विल्टची रुंद पाठ किती फुगते-आकसते, हे मी दरवर्षी पट्टी लावून बघतो.

३. तीन ए, चार ए, पाच ए या ग्रेडला कुठलंही सर्वमान्य माप नाही. प्रत्येक व्यापाऱ्याचं आपलं गणित असतं. फळी ओली करून बघा आणि आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवा.

४. किंमत बऱ्याचदा इतिहासाची असते. गिब्सनची लेस पॉल १९५२ पासून सोनेरी रंगात यायची, खालचं मेपल दिसायचंच नाही. १९५८ मध्ये पारदर्शक सनबर्स्ट आला आणि लाकूड उघडं पडलं. कुणावर ठळक फ्लेम, तर कुणावर जवळजवळ काहीच नाही. १९६० पर्यंतच्या त्या गिटारींत आज ठळक पट्टेवाली जास्त महाग विकली जाते, आतली बांधणी तीच असली तरी. दुसरं उदाहरण बेलीझच्या चिकिबुल जंगलातल्या महोगनीचं. १९६५ मध्ये ती पाडली, दरीत पडली आणि बाहेर काढता न आल्याने वर्षानुवर्षं तिथेच राहिली. पुढे तिचे तुकडे करून आणले. जगभरचे कारागीर तिला ‘द ट्री’ म्हणतात आणि त्या एका खोडाच्या फळ्यांना हजारो डॉलर मोजतात. असं लाकूड पुन्हा मिळणार नाही. ही किंमत मला समजते, पण ती आवाजाची नव्हे.

५. पाठीच्या आणि कडांच्या लाकडाने आवाज फारसा बदलत नाही. हे मी ठामपणे सांगतो. स्पेनचा गिटार-कारागीर तोरेस याने १८६२ मध्ये पाठ आणि कडा चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली होती. अमेरिकेतल्या टेलर गिटार कंपनीच्या बॉब टेलरने १९९५ मध्ये टाकाऊ पॅलेटच्या ओकपासून गिटार केली. २०१८ मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी सहा वेगवेगळ्या लाकडांच्या, बाकी सारख्याच गिटारी ५२ वादकांना वेल्डिंगचा गॉगल लावून वाजवायला दिल्या. महाग ब्राझिलियन रोझवूड आणि स्वस्त सापेले यांना वादकांनी दिलेल्या गुणांत फारसा फरक पडला नाही.

६. टॉप आणि मान मात्र सरळ रेषेचीच घ्या. अकूस्टिक गिटारच्या तारांचा एकत्र ताण ७० किलोच्या आसपास असतो आणि तो जेमतेम तीन मिलिमीटरच्या स्प्रूसवर येतो. तंतू वळले की लांबीच्या दिशेचा कडकपणा घटतो. मानेत ठळक फ्लेम देखणी दिसते, पण ती पिळण्याची धास्ती असते. स्प्रूसवर कधीकधी अस्वलाने ओरबाडल्यागत खुणा असतात, त्यांना बेअरक्लॉ म्हणतात. तो टॉप मी ठोकून, वाकवून बघूनच घेतो.

७. मजुरी विसरू नका. रंधा उलट्या तंतूवर गेला की कपचे उडतात, म्हणून शेवटी स्क्रेपरच हाती घ्यावा लागतो. फ्लेमवाली कड गरम नळीवर वाकवताना नेमकी पट्ट्यावर तडकते. मी ती दोन मिलिमीटरहून पातळ करतो आणि मागे पोलादी पट्टी ठेवून हळूहळू वाकवतो.

८. आपल्या सह्याद्रीतली शिसव, म्हणजे भारतीय रोझवूड, सरळ रेषांची, जांभळट झाक असलेली. ब्राझिलियन रोझवूड मिळेनासं झालं तेव्हा, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या मार्टिन गिटार कंपनीने हिलाच जवळ केलं. आता शिसवीच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत, म्हणून कागदपत्रं बघून, कायदेशीर माल विकणाऱ्याकडूनच घ्या.

माझ्याकडे येणाऱ्याला मी एवढंच सांगतो: आधी टॉप, त्याच्या आतल्या आधारपट्ट्या (ब्रेसिंग) आणि फ्रेटच्या कामाचे पैसे बाजूला काढा. त्यातून उरले आणि नक्षी आवडली, तर खुशाल घ्या, मी जीव ओतून बसवीन.